झालेले लग्न रद्द करून परिषदेस जाऊ देणेबाबत

प्रति,
मा. मंडल परिषद विकास अधिकारी,
मंडल परिषद कार्यालय, सोनखास, जि. आदिलाबाद.

अर्जदार: दीपमाला धम्मपाल भगत, संगणक ऑपरेटर, खोली क्र. ३.

विषय: वरीलप्रमाणे. गंमत नाही.

संदर्भ: १) ई-शासन व खुली माहिती या विषयावरील परिषदेचे आमंत्रण, हैदराबाद, २० व २१ फेब्रुवारी.
२) माझी ऑनलाइन रजा, कारण 'विवाह', मंजूर.
३) कार्यालयातर्फे मिळालेला कुकर.

महोदय,

आपण मुधोळकडचे, म्हणून मराठीत लिहीत आहे. तेलुगू प्रत जोडली आहे, पण तीत माझे मन एवढे मोकळे झालेले नाही.

१. गेल्या वर्षी मंडलातील ६१ हापशांची यादी खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर चढवण्याचे काम मला मिळाले. शेवटचा रकाना 'कैफियत', म्हणजे शेरा. त्यात सर्वजण 'ठीक' लिहितात. वडिलांनी शिकवले होते की रकाना दिला असेल तर भरावा. मी भरला. उदा.

क्र. १७: चालू. दांडा विठाबाईच्या घरात असतो. तिला विचारून हापसावे.
क्र. २३: सहा वर्षे बंद. रंग मात्र नवा.
क्र. ४०: चालू. दोन जावा एकदम आल्यास बंद.

२. ही यादी हैदराबादच्या प्राध्यापक नीलिमा मॅडमनी वाचली. ६१ च्या ६१ वाचली! फोनवर म्हणाल्या, "अशी माहिती मी कुठल्याच जिल्ह्याची पाहिली नाही." मला वीस मिनिटे बोलायला बोलावले आहे. क्र. २३ बद्दल सहा वर्षांत कोणी वीस सेकंद विचारले नव्हते. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, हे हजेरीपटात दिसत नसले तरी खरे आहे.

३. रजेच्या ॲपमध्ये कारणे चार: आजार, मृत्यू, निवडणूक, विवाह. परिषद नाही. जिथे पुष्कळ लोक जमतात, जेवण असते आणि चांगली साडी लागते, ते म्हणून मी 'विवाह' निवडले. अकरा मिनिटांत मंजूर.

३. (पुन्हा, कारण हे लिहिताना हसू आले.) बाराव्या मिनिटाला शेजारच्या टेबलावरच्या भाग्यश्री मॅडमनी कुकरसाठी वर्गणी सुरू केली. आई द्वारकाबाई घरून धावत आली व सर्वांसमोर म्हणाली, "काऊन वं पोरी, मले सांगाले लाजली? पोरगा कोण व्हय?" मी "परिषद" म्हटले. तिला वाटले, मुलगा जिल्हा परिषदेत आहे. ती अजून खूश आहे.

४. नवरदेवाचे नाव (हा रकाना ॲपमध्ये सक्तीचा झाला आहे):

५. आता परिषदेला लागणारे ना-हरकत पत्र मागितले तर अधीक्षक महिपतराव म्हणतात, "बाई, एक तर नवरदेव दाखव, नाई तर लग्न मोड. रेकॉर्ड असं लटकत ठेवता येत नाई." ॲपमध्ये मोडायला गेले. तिथे कारणे दोनच: 'वधू मयत' आणि 'वर मयत'. पहिले निवडल्यास वीस मिनिटे बोलणे अवघड. दुसरे निवडायला मन होत नाही. तो बिचारा अजून भेटलाही नाही.

६. आज पाच वाजेपर्यंत पत्र न पोचल्यास माझी वीस मिनिटे दुसऱ्या कोणाला जातील. तो 'ठीक' म्हणून बसेल.

७. तरी आपल्या अधिकारात, आपल्या पेनाने, माझे लग्न मोडावे व मला जाऊ द्यावे. कुकर परत करण्यास तयार आहे. (एकदा वापरला. वरण चांगले झाले.)

खाली आपल्यासाठी जागा सोडली आहे:

मंजूर / नामंजूर:
कैफियत:
(कृपया 'ठीक' लिहू नये.)

आपल्या सहीची वाट पाहणारी, अद्याप अविवाहित,
दीपमाला धम्मपाल भगत
१८ फेब्रुवारी, दुपारी ३.१०

सोबत:
१) आमंत्रण.
२) तेलुगू प्रत.
३) कुकर, शिट्टीसह.
४) हापसा क्र. १७ चा दांडा. "माह्या दांड्याचं नाव हैद्राबादले चाललं, तं सायबाले दाखव तरी," म्हणून विठाबाईने तो स्वतः आणला आहे. ती व्हरांड्यात बसली आहे. सही होईपर्यंत क्र. १७ बंद. तिकडे रांग लागली आहे.