शेठचा चमचा हवेतच राहिला

बाबा, चूक तुमचीच होती, मी आजही तेच म्हणेन. अर्धा पिक्चर झाल्यावर लाइट गेली, तर उरलेला रविवारी बघू म्हणून सीडी खिडकीत ठेवणारे तुम्ही. अख्ख्या चौकात वाळत्या बोंबलांवरचे कावळे हाकलायला जुन्या सीडी टांगतात, मग नऊ वर्षांच्या पोराला काय कळणार की ही नवी आहे? चमकत तर तीच जास्त होती, म्हणून मी तीच टांगली. दोन दिवस वाऱ्यावर बांबूला घासली, मग मी पुसून गुपचूप जागेवर ठेवली.

रविवारी उरलेला पिक्चर लावून आपण जेवायला बसलो. पिक्चरमधला शेठही सगळ्या घराला जेवायला बसवतो, चमचा उचलतो, म्हणतो, तुमच्यातल्या एकाने माझ्यापासून गोष्ट लपवलीय, आणि ओरखड्यावर पिक्चर अडकतो, चमचा हवेतच. मग तुम्हाला त्या पिक्चरचं वेडच लागलं. दर रविवारी तिथपर्यंत लावायचा आणि लपवणारा कोण यावर भांडायचं. आई म्हणायची, शेठची बहीण. तुम्ही म्हणायचात, आचारी, वाढणाऱ्याला घरातलं सगळं माहीत असतं. शेवटी भांड्यांच्या काथ्याने सीडी पुसलीस म्हणून आईवर ओरडायचात. आई वाढत राहायची. मी ताटात बघत बसायचो. भूक अशी मरायची की पोरगा आजारी समजून मला अंडं मिळायचं.

गेल्या सुट्टीत घरी जेवताना तोंडातून निघूनच गेलं, आई, सीडी मी टांगलेली. ती भाकरी मोडायची थांबली नाही. "म्हाईत हाय. सीडीला बोंबलाचा वास येत व्हता. ते बोलले, पोराला ओरडलो तर तो परत कावले हाकलायला बसायचा न्हाय. तुला ओरडतो, तू ऐकून घे."

"मग अंडं कशाला द्यायचीस?"

"तुजा चेहरा बगवत नव्हता."

म्हणजे दोन वर्षं दर रविवारी तुमचं नाटक चाललेलं, आणि घाबरून उपाशी मी. वाढणाऱ्याला सगळं माहीत असतं, हे तुम्ही उगाच बोलत नव्हतात.

इथे मस्कतला एसीचे पाइप बसवतोय, तिसरी नोकरी. रूमवरच्या एकाने तो पिक्चर मोबाइलवर शोधून दिला. शेठने चमचा उचलला आणि मी बंद केला. शेवट आईबरोबर बघायचाय, पण घरचा टीव्ही बंद पडलाय. ती सांगत नाही, शेजारची काकी सांगते.

तुम्ही तर आता नाही, हे पत्र गादीखालीच राहणार, म्हणून लिहितो. तुम्ही आईला ओरडायचात तेव्हा मला वाईट वाटायचं, पण आधी बरं वाटायचं, की मी वाचलो. तेवढं तिला अजून सांगितलं नाही. टीव्हीसाठी अठरा हजार पाठवतोय.