पाठमोरा फोटो

ट्रॉय, मिशिगन
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय आई,
प्रभूच्या नावात सलाम. मी बरी आहे, स्वेटर घालते. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज चर्चमध्ये उपासनेत ब्रह्मदेशातून निसटून आलेले एक पाळक बोलले. तिथल्या लष्कराने धरून नेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना केली, मग त्यांच्या सुटकेसाठी सिनेटरला पत्रं लिहिली. मीही सही केली. व्हिसाला काही होत नाही म्हणे. बाबांना मात्र सांगू नकोस.

शेवटी नेहमीसारखा ग्रुप फोटो होता. पाळक म्हणाले, "माझा चेहरा नको. बायकोमुलं अजून तिथेच आहेत." ते पाठमोरे उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, पण एकेक करत सगळी मंडळी वळली.

फोटो सोबत पाठवतेय. डावीकडून तिसरी मी. वेणीवरून ओळखशील.

तुझी लेक,
शलोमी