कडू बिअर आणि कोरेगावचा अभिप्राय

कोरेगाव,
रविवार, ८ डिसेंबर १९७४

चिरंजीव आकाराम यास नाथाजीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी पेटी गुरुवारी एसटीच्या टपावरून सुखरूप उतरली. बारा बाटल्यांत एकही फुटली नाही. तुझी मामी पेटी बघून म्हणाली, भाच्यानं मामाला धोतरजोडी धाडायची, तर ह्यानं दारू धाडली. मी तिला समजावलं की मनू, ही दारू नव्हे. ही गोऱ्या साहेबाच्या मेसमधली कडू बिअर, इंडिया पेल एल. साहेब गेला आणि तीही गेली. आता आपला आकाराम कुपवाडच्या कारखान्यात ती पुन्हा उभी करतोय. त्यावर ती म्हणाली, मग देव्हाऱ्यात ठेवू का?

बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच माझं मन इराकातल्या बसऱ्याला गेलं. सन बेचाळीस. मी मेस हवालदार. आम्हाला एरवी रमच मिळायची, पण नाताळच्या बड्या खान्याला कप्तान साहेब स्वतःच्या हातानं आमच्या मगात ही ओतायचे. ओल्या पोत्यात गुंडाळून गार केलेली. आधी भाजलेल्या सातूचा वास यायचा, मग कसल्याशा फुलांचा, मग संत्र्याच्या सालीचा, आणि सगळ्यात शेवटी कडू. ते कडू सकाळच्या हजेरीपर्यंत जिभेवर राहायचं. चौथीच्या मास्तरांनी आमच्याकडून मोराची एक कविता पाठ करून घेतली होती. तिचे तीन चरण मला अजून येतात, चौथा कुठं गेला कोण जाणे. ही बिअर मला तशी वाटते. चार चरणांची.

आता अभिप्राय. आज दुपारी अंगणात पलटणीतले जुने गडी जमवले. सुभेदार हंबीरराव मिशी पुसून म्हणाले, व्हय नाथा, हीच ती, बसऱ्याचं ऊन आठवलं बघ. बिराप्पा जतकडचा, तो लय झकास म्हणाला आणि पुन्हा एकदा लय झकास म्हणाला. गुंडा बोलला नाही, पण त्यानं मान दोनदा हलवली, आणि गुंडा सहसा एकदाही हलवत नाही. मोहिद्दीन पीत नाही. तो आपला फुटाणे खात बसला होता. त्यानं वास घेऊन सांगितलं की त्याच्या हकिमाचा काढा असाच असतो. हे तुझ्या मालकाला कळवू नकोस.

माझं मत विचारशील तर तीन चरण बरोबर जमलेत. चौथा लागत नाही. कडूपणा थोडा वाढव.

तुझ्या आईचं, राहीचं, म्हसवडहून पत्र आलं होतं. तिला तुझी काळजी लागली आहे. लोभ आहेच, तो बाटलीसारखा सावलीत जपावा.

तुझा,
नाथाजीमामा


कुपवाड,
२० डिसेंबर १९७४

ती. स्व. मामांच्या चरणी आकारामचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मालकांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. बसऱ्याचा भाग त्यांना फार आवडला. मोहिद्दीनचाचांचं मी गाळलं.

मामा, इथली गोष्ट सांगतो. आमच्या मालकांना एका जुन्या गोऱ्या बिअरवाल्याची वही मिळाली, तीत ही कृती होती. बाकीचे सगळे म्हणतात की आता लोकांना गोडसर, पातळ बिअर पाहिजे, हे कडू कोण पिणार. मी चार वर्षं इथं बाटल्या धुतल्या. मीच हट्ट धरला म्हणून मालकांनी मला एक टाकी दिली, ती गुढीपाडव्यापर्यंत. साहेबाच्या काळी ज्यांनी ती प्यायली, त्यांना पटली तर चार टाक्या माझ्या. नाही पटली तर मी पुन्हा बाटल्या धुवायला. चार टाक्या झाल्या तर मी इथं खोली घेऊन आईला म्हसवडहून आणणार आहे. तिथं ती एकटी किती दिवस काढणार?

तुमच्या सांगण्यावरून कडूपणाची फुलं वाढवली आहेत. हॉप्स म्हणतात त्यांना, वाळकी, काश्मीरकडून येतात. नवी पेटी संक्रांतीच्या सुमारास पोचेल. एकच विनंती आहे. भाच्याचं म्हणून कुणी गोड बोलू नये. वाईट असेल तर वाईट लिहा. आत्ता कळलं तर मला सुधारता येईल.

मोराचा चौथा चरण सापडला तर कळवा. नाहीतर मामीला विचारा, तिला तुमचं सगळं पाठ असतं.

आपला,
आकाराम


कोरेगाव,
रविवार, १९ जानेवारी १९७५

चिरंजीव आकाराम यास अनेक आशीर्वाद, आणि तिळगूळ सोबत. वि. वि.

गोड बोलू नका असं तू संक्रांतीच्या तोंडावर लिहितोस, म्हणजे कमाल आहे. पण तू निर्धास्त राहा. पलटणीतला माणूस खोटं बोलत नाही.

दुसरी पेटी आज फोडली. हंबीररावांनी पहिल्या घोटाला डोळे घट्ट मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मी ओळखलं, गडी गेला बसऱ्याला. माझेही डोळे भरून आले. बिराप्पाला म्हातारपणानं लघवीचा त्रास सुरू झालेला दिसतो. तो तीनदा मग हातात घेऊनच कुंपणाकडं जाऊन आला. आल्यावर मग रिकामा, आणि लय झकास. गुंडाचा मग उठेपर्यंत भरलेला होता. शेवटचा घोट लांबवायची त्याची पद्धत आहे. मोहिद्दीन उगाच हसत होता. मी विचारलं तर म्हणाला, काय न्हाई नाथाभाऊ, फुटाणं खारट हायत.

मला ते खारट लागले नाहीत. मनूचा हात अलीकडं बदलला आहे. आमटीत मीठ नाही, चटणीत तिखट नाही. सांगायला गेलं तर रागावते.

तर अभिप्राय असा की सर्वांना पसंत. माझं मात्र अजून समाधान नाही. सातू आहे, फुलं आहेत, संत्र्याची साल आहे, पण ते सकाळपर्यंत टिकणारं कडू अजून मागंच आहे. फुलं आणखी वाढव. भिऊ नकोस. आता एवढं जवळ आलास तर चौथ्या चरणावर अडखळू नकोस.

राहीला म्हणावं, गाठोडं बांधायला हरकत नाही. बाकी सर्व ठीक, लोभात कमी-जास्त नाही.

तुझा,
नाथाजीमामा


कुपवाड,
६ फेब्रुवारी १९७५

ती. स्व. मामांस आकारामचा सा. न. वि. वि.

मालकांनी पाडव्याची वाट पाहिली नाही. तुमची दोन्ही पत्रं त्यांनी कचेरीतल्या सगळ्यांना वाचून दाखवली आणि चार टाक्या दिल्या. तुम्ही म्हणालात तेवढी फुलं घातली, वर आणखी एक मूठ तुमच्या नावानं. मी चव घेतली तेव्हा माझं तोंड वाकडं झालं, पण मी त्या काळात नव्हतो. मला काय कळणार?

खोली मिळाली. लहान आहे, पण नळ दारात आहे. आई ट्रंक घेऊन आली. येताना सिद्धनाथाला नारळ फोडून आली. आल्याआल्या शेजारणीला सांगून मोकळी झाली की माझा भाऊ लष्करात होता, त्याच्या शब्दावर कारखाना चालतो.

पहिला माल साताऱ्याच्या एका क्लबात जाणार आहे. तिथं पेन्शनर फौजी येतात. मालाबरोबर मीच जाईन.

आपला आज्ञाधारक,
आकाराम


कुपवाड,
३० मार्च १९७५

ती. स्व. मामांस आकारामचा नमस्कार. वि. वि.

साताऱ्याला तीन दिवस होतो. आधी तुम्हाला लिहू नये असं वाटत होतं. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

बाटल्या उघडल्या, पहिला घोट घेतला, आणि मग सरकवल्या. टेबलाटेबलावर भरलेले ग्लास. एकानं विचारलं, हे औषध कुठल्या रोगावर. तिसऱ्या दिवशी तिथं हंबीरराव आले. मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हटलं, तुम्हाला तर पसंत होती. त्यांनी मला टेबलापासून बाजूला नेलं. मग म्हणाले, पोरा, नाथाच्या अंगणात बसून नाथाच्या मगातलं वाईट म्हणायचं व्हय? पुढ्यात आलेल्याला नावं ठिवायची आमची रीत न्हाई. त्यात नाथाचं डोळं भरल्यालं. पैली बरी हुती रं, दुसरी निस्ता कडुलिंब. बिराप्पानं तीन मग कुंपणाला वतलं. आमाला वाटलं, भाच्याला काय लिवायचं ते नाथा लिवंल, त्यो बी पितुयाच की. पर नाथा दूध प्यावं तसा पीत हुता.

परत आल्यावर मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चारही टाक्या गटारात सोडायला सांगितल्या. कॉक मीच फिरवले. उद्यापासून बाटल्या धुवायला जातो. खोली सोडली. आई कालच्या गाडीनं म्हसवडला परत गेली. ट्रंक मीच टपावर चढवली.

मामा, बाकीच्यांचं मी समजलो. त्यांनी पाहुणा म्हणून रीत पाळली. पण तुम्ही तर माझे होता. तुम्हीही ती प्यालात. तुम्हाला कसं कळलं नाही, एवढंच विचारतो.

आकाराम


कोरेगाव,
२८ एप्रिल १९७५

चिरंजीव आकाराम यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. रोज दौत उघडत होतो आणि मिटत होतो.

मध्यंतरी पाडवा झाला. गुढीपुढं मनूनं कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली. मी ती चघळून खाल्ली आणि म्हटलं, यंदा गूळ जास्त पडला वाटतं, कडू लागतच नाही. मनूनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, गूळ घातलाच न्हाई मी. बघायचं हुतं मला.

तुझी मामी मला गेले आठ महिने बघत होती. श्रावणात मला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून माझ्या जिभेला काही कळत नाही. नाकाचंही तेच. मला पुरतं माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. थोडं माहीत होतं. मिठाचा दोष मनूच्या हातावर ढकलला आणि बिअरचा तुझ्या फुलांवर. सातू, फुलं, संत्र्याची साल, हे जे तुला लिहिलं ते सगळं बेचाळीस सालचं होतं. बाटलीतलं काहीच नव्हतं. कडू मात्र आठवणीतून जिभेवर येईना, म्हणून तुझ्याकडं मागत राहिलो.

तू विचारशील, सांगितलं का नाही. अरे, पेन्शन आणायला गेलं की कारकूनसुद्धा मुलाला पाठवा म्हणतो, आणि आम्हाला तर मूल नाही. मला कशाबद्दल कुणी काही विचारत नाही. तू विचारलंस. जीभ मेली आहे असं कळवलं असतं, तर तू पुढची पेटी दुसऱ्याच्या घरी धाडली असतीस.

दुसऱ्या पेटीतली एक बाटली कोनाड्यात उरली होती. पाडव्याच्या दुपारी मी ती उघडली आणि हातात धरून बसलो. मनू म्हणाली, द्या इकडं. जिनं आयुष्यात या वस्तूला हात लावला नाही, तिनं एक घोट घेतला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिचं सगळं तोंड आवळून आलं आणि बराच वेळ सुटेना. मी विचारलं, आधी भाजलेल्या सातूचा वास आला का? ती न्हाई म्हणाली. फुलांचा? न्हाई. संत्र्याची साल? ती पदरानं जीभ पुसत म्हणाली, कुठली साल, आवं पैल्यापास्नं निस्तं कडू.

म्हणजे पहिल्या पेटीत तू जे तीन चरण जमवले होतेस, ते मी एकेक मूठ फुलं वाढवायला सांगून तुझ्याच हातानं पुसून टाकले.

मालकांना मी वेगळं पत्र लिहिलं होतं, सगळा दोष माझा म्हणून. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. टाक्यांत आता गोड बिअर चढवली आहे, आणि आपण प्रकृतीस जपावं. राहीला मी स्वतः म्हसवडला जाऊन सांगेन. तू सांगू नकोस.

मनू त्या दिवसापासून आमटी वाढताना मला सांगते, मीठ बरोबर आहे, तिखट जरा जास्त झालंय. मी ऐकतो आणि जेवतो.

लोभ असावा असं या खेपेला लिहवत नाही.

तुझा,
नाथाजीमामा