ओल्या आंब्याचा पाय

१२ तीर, १३५१ फसली (मे १९४२). निलंगा.
बागायत खात्याचा तपासनीस म्हणून आज रुजू झालो. माझा डावा पाय मुदखेडला रेल्वेखाली गेला, गुडघ्याखाली लाकडी आहे. पण इथं कोणी त्याची चौकशीही केली नाही. फार बरं वाटलं! गुरम्माबाईंच्या आमराईत खोली मिळाली. बाई एकट्या, पण सगळी आमराई त्याच बघतात.

१५ तीर.
बाईंच्या सर्वांत जुन्या आंब्याला भिरूड लागलंय. लांब मिशांचा भुंगा साल कुरतडून त्यात अंडं घालतो. अळी वर्षभर खोड पोखरते, छिद्रातून भुसा बाहेर टाकते. आंबा, उंबर, सावर, शेवगा, तिला काहीही चालतं. लाकूड तेवढं ओलं हवं.
झाड तोडायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "तारेनं टोचून काढते की, सायेब. सासऱ्याच्या हातचं झाड हाय."
तार पुरली असती, हे मला ठाऊक होतं. पण नव्या माणसाचा वचक बसायला हवा. हुकूम लिहिला.

२० तीर.
झाड पाडलं. बाई बोलत नाहीत. त्या गडबडीत बुंध्याला अडखळून माझा लाकडी पाय मोडला. महादेवप्पा सुताराला त्याच खोडाचा नवा करायला सांगितला. लाकूड ओलं आहे, दिवाळीपर्यंत वाळू द्या, असं त्याचं म्हणणं. मी चार दिवसांची मुदत दिली.

२ अमरदाद.
पाय छान बसतो. भर दुपारी सगळं शांत असलं की आतून कुरकुर ऐकू येते. लाकूड वाळत असेल.

९ अमरदाद.
घोट्याशी भुसा. छिद्रात तार घातली. तार संपली, पोकळी संपेना. महादेवप्पा म्हणाला, खालचं वाळलं की अळी ओलाव्याकडं सरकते. वर कसला ओलावा, मी विचारलं. तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला.

११ अमरदाद.
भुसा लालसर. पट्टे सोडले, पाय निघेना. आतून धरल्यासारखा —

१३ अमरदाद.
कुरकुर आता मांडीत. दुखत नाही. दुखायला हवं होतं. महादेवप्पानं कान लावला, तसाच गाडी जुंपायला गेला. लातूरला, डॉक्टरकडे —

गाडीत.
गुरम्माबाई सोबत आल्यात. आपणहून. न बोलावता. तार पुरली असती, मला माहीत होतं, असं मी त्यांना सांगून टाकलं.
"तुमाला ठावं हाय, हे मला तवाच कळलं व्हतं," म्हणाल्या. पाठीवरून हात फिरवत राहिल्या.
हात एकदम काढला. का, ते सांगत नाहीत. महादेवप्पानं बैल थांबवले. दोघं माझ्या मानेकडे — मी विचारतो आहे, कोणी बोल