खुबा जुळल्यावर

८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इकडे मी बरी आहे, पण डोकं भणभणलंय. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर माझं संशोधन चाललंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक्स-रे बघावा तर हाड झकास जुळलेलं, आणि माणूस मात्र घरात बसून. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचं ठरवलं, की तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय? संशोधन समितीतले थोरले डॉक्टर म्हणाले, की हे काही मोजता येत नाही, प्रश्न काढून टाका, तरच मंजुरी. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या बाजूने आहेत, पण त्या एकट्या पडतात. मला वाटतं, गुपचूप काढून टाकावा आणि मोकळं व्हावं.

मॅडम तुमच्या हाताखाली शिकल्या ना? विषय काढला की नुसत्या हसतात. असं काय केलं होतंत?

मामींना नमस्कार. माया असू द्यावी.

तुमची,
टकळी


१७ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं मला थेट आमच्या प्लास्टरच्या खोलीत नेऊन बसवलं. कोमट पाण्याची बादली, ओल्या पट्ट्यांचा तो वास, फरशीवर पांढरे ठिपके. नव्या विद्यार्थ्याच्या धडधाकट पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालायचं आणि संध्याकाळपर्यंत तसंच काम करायला लावायचं, असा माझा शिरस्ता होता. तुझ्या मॅडम तेव्हा लांब वेणीची हट्टी पोर. संडासात गेली, तर ताठ पाय बाहेर राहिला आणि दार लागेना. संतापून पाय आपटत निघून गेली. दुसऱ्या दिवशी बघतो तो सुतार हजर! मला न विचारता तिनं वॉर्डातल्या संडासांची सगळी दारं बाहेर उघडणारी करून घेतली. ते दिवस आठवले की अजून छाती फुगते.

तेव्हा प्रश्न काढू नकोस. समितीपुढे तू बोलूच नकोस, पेशंटलाच नेऊन बसव.

मी ठणठणीत आहे. फिरायला मात्र जात नाही, बाहेर धूळ फार. तुझी मामी एकटीच जाते.

मधूनमधून आठवण ठेवत जा.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, प्रश्न कायम राहिला! शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना बैठकीला नेलं. थोरल्या डॉक्टरांनी त्यांचा एक्स-रे उजेडात धरून काम उत्तम झाल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, की असेल बाबा, पण मला वाकून मोजे घालता येत नाहीत, रोज सुनेपुढे पाय करावा लागतो, लाजेनं मी बाहेर जाणंच सोडलंय. मग थोरल्या डॉक्टरांनीच विचारलं, की आणखी काय काय अडतं? बाई थांबता थांबेनात, आणि लिहून घेत होते ते थोरले डॉक्टरच!

आता दुसरं. मामींचं पत्र आलं. धूळबिळ काही नाही म्हणे, तुमचाच खुबा झिजलाय, आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की तुम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरता. मामा, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय? उत्तर आल्याशिवाय मी पुढचं पत्र लिहिणार नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
टकळी


१४ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

आधी रागच आला. भाचीनं मामाला पेशंटसारखं विचारावं! मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. पोरी, जन्मभर ऑपरेशनच्या टेबलाच्या या बाजूला उभा राहिलो, त्यावर आडवं व्हायची मला भीती वाटते. हे तुझ्या मामीलाही बोललो नव्हतो.

उत्तर लिहून घे. ती संध्याकाळी फिरून येते आणि वाटेत काय काय दिसलं ते मला सांगते. जीव ओतून सांगते बिचारी. मला ते ऐकायचं नाही, तिच्याबरोबर बघायचंय.

मॅडमना विचार, या म्हाताऱ्यावर हात चालवतील का. तू जवळ थांब.

तुझा,
मामा


२१ मे

चि. टकळीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर सुनंसुनं वाटतं. तुझ्या मॅडमच्या हाताला यश आलं बाई. ह्यांचा व्यायाम नेमाने चालतो, कुरकुर त्याहून नेमाने.

काल आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत गेलो. मी हळू चालले तर ओरडले, की माझ्यासाठी पाय ओढू नकोस. जरा भरभर चालले, तर काठी टेकून उभेच राहिले. नळाखाली चिमण्यांची आंघोळ चालली होती, ती बघत बाकावर बसलो. घरी आलो, सवयीनं सांगायला तोंड उघडलं, आणि सांगायला काहीच नव्हतं. सगळं दोघांनी पाहिलं होतं.

जिवाला जप, आणि अशीच हक्कानं विचारत राहा.

तुझी,
मामी