माझी पत वाढली त्याची हकीकत

गोडादरा, सुरत
आखाजीनंतरचा पाचवा दिवस, सन १९९९

चिरंजीव दगाभाऊ यास,

गोडादऱ्याहून तुझी थोरली बहीण कलाबाई हिचे भरभरून आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक. गजेंद्रचा खोकला कारखान्यात गेला की वाढतो आणि रविवारी आपोआप बरा होतो, त्यामुळे औषध सोमवारी घ्यावं की शनिवारी हे सून ठरवू शकत नाही. सुवर्णाला सांग, तिने पाठवलेले कुरडईचे पुडे पोचले, अर्धे मोडून आले पण चव मोडली नाही. तुझी शेळी व्याली का? व्याली असेल तर किती, तेही कळव.

यंदा आखाजीच्या सणाला माहेरी आले नाही म्हणून तू रुसला असशील. रुसायला हरकत नाही, पण आधी हे पत्र पूर्ण वाच. मी यंदा दोन महिने जे भोगलं ते वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये, आणि ते सगळं एका सहीने झालं.

माघात लिंबायतच्या बाजारात एक टाय लावलेला मनुष्य टेबल मांडून बसला होता. किरण नाव त्याचं, भुसावळकडचा, आपलं मराठी बोलणारा, म्हणून मी थांबले (परमुलखात मराठी कानावर आलं की माझे पाय थांबतात, याच खोडीपायी मागे मी भोकं पडलेली मच्छरदाणी घेतली होती). त्याच्या टेबलावर स्टीलच्या डब्यांची उतरंड. डबा फुकट म्हणे. फुकट कशाबद्दल, तर त्यांच्या केंद्रात खातं उघडायचं. त्यात पैसे ठेवायचे नाहीत, काढायचे नाहीत. ते लोक फक्त आपली पत बघणार. उद्या हप्त्यावर टीव्ही घ्यायचा झाला तर दुकानदार आपल्यावर भरवसा ठेवील की नाही, हे म्हणे कॉम्प्युटर ओळखतो, आणि दर महिन्याला घरी कार्ड पाठवतो. मी म्हटलं, बाबा, माझी पत गोडादऱ्यात रिक्षावाल्यांना ठाऊक आहे, तिला कॉम्प्युटर कशाला? पण डबा चांगला जाड होता. मी सही केली. तिसरीपर्यंत शिकल्याचा हा एवढाच उपयोग आजवर झाला.

आता आमच्या गल्लीचं टपाल कसं येतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोस्टमन आत येत नाही (आत कुत्री आहेत), सगळ्यांचं टपाल तोंडाशीच मगनभाईंच्या ओट्यावर टाकतो. मगनभाई म्हणजे सत्तरीचे सुरती गृहस्थ, स्वभावाने देवमाणूस, पण उघडं कार्ड दिसलं की वाचल्याशिवाय पाणी पीत नाहीत. माझं पहिलं कार्ड आलं, गुजरातीत छापलेलं. वर मोठ्या अक्षरात ‘पत तपास केंद्र’ आणि खाली, आपल्या पतची दर महिन्याला तपासणी होईल. मगनभाईंनी ते मला दोन बोटांच्या टोकाने दिलं आणि हळूच म्हणाले, जपून राहा कलाबेन. मला वाटलं, किती माया आहे माणसाला.

दुसऱ्या महिन्याचं कार्ड आलं. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून गुजराती अक्षरं मला आता लागतात, त्यात होतं, आपली पत अकराने वाढली आहे. दगा, मी काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी नळावर जाऊन सगळ्या बायांना, मराठी, गुजराती, जी दिसेल तिला सांगितलं की माझी पत अकराने वाढली. गुजराती बायांनी हंडे उचलले आणि लांब झाल्या. मराठी बायांना त्यांनी काय सांगितलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी त्याही लांब. मगनभाईंच्या सविताबेनने माझी वाटी राखेने घासघासून उंबऱ्याबाहेर ठेवली. ओट्यावर मी बसले की बाकीच्यांना घरात कामं आठवायची. मी आपली मनात म्हणत होते, जळतात मेल्या, कोणाचं चांगलं म्हणून बघवत नाही.

मग मंगलाबाई आली. ही आमच्या मागच्या गल्लीत राहते, धरणगावकडची, तिच्या पोरीचं लग्न आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. तुला माहीत आहे, खापरावरचे मांडे करावेत ते मीच. पुरण भरलेला उंडा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा, हे इकडे आता तीन-चार बायांना जमतं आणि त्यातल्या दोघींचे मांडे मधोमध फाटतात. तीस वर्षांत गोडादऱ्यात खानदेशी माणसाचं लग्न माझ्या मांड्यांवाचून लागलेलं नाही. तर मंगलाबाई खाली बघत म्हणाली की मांडे आम्ही दुसरीकडे सांगितले. का, ते सांगेना. नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि निघून गेली. दगा, मी नवऱ्यामागे या गावात उभी राहिले ती याच हातांवर. त्या दिवशी मी जेवले नाही.

उलगडा केला नातीने. आपली वर्षा गुजराती शाळेत शिकली. तिने कार्ड वाचलं आणि हसावं की रडावं अशी खाली बसली. म्हणाली, आजी, गुजरातीत पत म्हणजे आबरू खरी, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात पत म्हणजे महारोगसुद्धा. म्हणजे बघ, आजूबाजूला सगळ्यांचा समज असा की या म्हातारीला महारोग झाला, त्याची दर महिन्याला केंद्रात तपासणी होते, रोग अकराने वाढला आणि ही बया नळावर पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवते. (असता रोग तरी काय, आता औषध मिळतं, माणूस बरा होतो. पण मांड्यांना कोण हात लावील?) त्यात हे सुरत. प्लेगच्या साली अर्धी गल्ली एका रात्रीत गाड्या भरून गावी पळाली होती, तेव्हापासून इथे कोणी शिंकलं तरी लोक पिशवी भरतात.

एकेकीला समजावून उपयोग नव्हता, कारण लग्नाआधी तिसरं कार्ड येणार होतं. ते खातंच बंद करायला हवं होतं. केंद्र उधन्याला, साडीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. तिथे शीतल नावाची पोरगी कॉम्प्युटरपुढे. ती म्हणाली, आजी, आमचं सगळं ऑनलाइन आहे, टेलिफोनच्या तारेने अमदावादशी जोडलेलं, लाइनीत उभं राहायची गरज नाही. मी तीन दिवस लाइनीत उभी राहिले. पहिल्या दिवशी तार लागली नाही. दुसऱ्या दिवशी तार लागली आणि वीज गेली. तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं, तर कॉम्प्युटर विचारतो, खातं बंद करण्याचं कारण. नको झालं, हे कारण त्याला चालत नाही. उघडताना डबा देतात आणि बंद करताना कारण मागतात. त्याच्याकडे कारणं तीनच, त्यातलंच एक घ्यायचं. पहिलं, खातेदार सुरत सोडून गेला. मी म्हटलं, तीस वर्षांनी आता कुठे जाऊ? दुसरं, खातेदार मयत. मी म्हटलं, बाई, मयत लिही, माझी काही तक्रार नाही. ती लिहायलाही बसली होती, पण मग म्हणाली, मयत लिहिलं की घरी दुखवट्याचं कार्ड जातं. म्हणजे मगनभाई वाचणार, पतने मेली. मी तिचा हात धरला. राहिलं तिसरं कारण, ते एकदाचं लागू पडलं आणि तिने बंद झाल्याचा कागद हातात दिला. त्या कारणाचं इथे लांबण लावत नाही.

तो कागद घेऊन मी सरळ मगनभाईंकडे. त्यांनी चष्मा लावून वाचला, पत तपास बंद करण्यात आली आहे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकले का? आता सांग, या माणसाला काय करावं? मी वर्षाला बोलावलं, तिने शुद्ध गुजरातीत त्यांना समजावलं. मगनभाईंचे कान लाल झाले. मग मी त्यांना तसंच उठवून मंगलाबाईच्या मांडवात नेलं, वीस-पंचवीस बाया पापड तळत होत्या, म्हटलं, इथे बोला. मगनभाई हात जोडून म्हणाले, “भूल थई गई. आ बेनने रोग नथी. ए तो एमनी आबरूनी तपास हती.”

सगळ्यांनी झारे खाली ठेवले. मग एक म्हातारी म्हणाली, “आबरूची तपासणी? दर महिन्याला? असं केलं तरी काय हिने?”

मी कपाळाला हात लावला. पण मंगलाबाई उठली. तिने माझे दोन्ही हात धरले, बाजारात वांगी बघतात तसे उलटेसुलटे करून बघितले, आणि मोठ्याने म्हणाली, “तुमना हातना मांडाशिवाय मनी पोरनं लगीन लागाव नही.” दुसरीकडच्या बाईने निम्मे मांडे फाडून ठेवले होते हेही एक कारण असेल, पण ते मी मनावर घेतलं नाही. दोन दिवस खापरापुढून उठले नाही. एकशे चाळीस मांडे, एक फाटला नाही. मगनभाईंनी सहा खाल्ले, पश्चात्ताप म्हणून. आता कळलं का, आखाजीला का आले नाही?

घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांग. पाय दुखतात, म्हणून इथेच थांबते.

तुझी बहीण
कलाबाई

ता.क. सोबत एक कागद आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव. तिसरं कारण असं होतं की खातेदाराने आपली जागा रक्ताच्या नात्यातल्या माणसाला दिली तर कॉम्प्युटर त्याला सोडतो. मी तुझं नाव सांगितलं. पंधरा दिवसांत तुझी सही पोचली नाही तर माझं खातं पुन्हा चालू होतं, आणि ज्येष्ठातल्या तीन लग्नांचे मांडे मला सांगून झाले आहेत.

ता.क. दुसरा. भिऊ नको. आपल्या मारवडला पत म्हणजे पतच, तिथे कोणी लांब सरकणार नाही. मात्र कार्ड गुजरातीत येतं. ते वाचायला गावातल्या कापडवाल्या गुजराती शेटजीकडे नेऊ नको, तो म्हातारा आहे. आणि वाढली असं कोणी सांगितलंच, तर नळावर बोलू नको.