त्या फार्सला तुम्ही हसला नाहीत

अण्णा,

आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. चिडायला सुरुवात झाली टीव्हीवरून, म्हणून आधी तेच ऐकून घ्या. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे रेडिओसुद्धा शेजारच्यांचा होता. आता बदलापुरातच, कात्रपच्या या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही आहे आणि रोज संध्याकाळी त्यावर विनोदाचा रतीब असतो. काय ते विनोद, विचारू नका! मिशीवाला बाप्या साडी नेसून ठुमकत येतो, की हशा. बायको जाडी, की हशा. सासू आली, नुसती आली हो, अजून तोंडही उघडलेलं नाही, की हशा. समोर सिंहासनासारख्या खुर्चीत एक पाहुणा बसवलेला असतो, त्याला हसायलाच बोलावलेलं असतं. विनोद अर्ध्यावर असतानाच तो मांड्या थोपटत आडवा होतो. एवढं करून कमी पडलं तर मागून टेप केलेलं हसू सोडतात. सून म्हणते, "आई, तुम्हाला कशाचंच हसू येत नाही. कुणावर गेलात हो?" कपाळ माझं! ज्या माणसाच्या हसण्यावर अंबरनाथच्या कारखान्यातले फार्स तरून जायचे, त्याची मी मुलगी.

तुम्हाला स्टेजवर कुणी घेत नसे, कारण तुम्ही स्वतःच हसून मोकळे व्हायचात. पण गणपतीत तिसऱ्या रांगेत मधली खुर्ची तुमचीच. पुढे साहेबलोक आपापल्या बायकांसह ताठ बसलेले, त्यांच्या पाठीमागे कामगार बिचकून गप्प. मग तुमचे खांदे हलायला लागायचे, तोंडातून एक शिट्टीसारखा आवाज निघायचा आणि अख्खा मांडव सुटायचा. फार्स लिहायचे तुमचे साहेब. दरवर्षी पडदा उघडायच्या आधी ते विंगेतून डोकावून तुम्ही जागेवर आहात ना ते बघायचे. त्या वर्षी कारखान्याचे नवे क्वार्टर्स तयार झाले होते, घरात नळ असलेले. कुणाला द्यायचे ते साहेबांच्या हातात. "गणपती होऊ द्या, तुमचं बघतो," असं ते म्हणाल्यापासून आई हवेत होती. बदलापूरच्या आपल्या एका खोलीत ती उतारावरच्या विहिरीवरून पाणी वाहून आणायची. क्वार्टरमध्ये तुळस कुठे ठेवायची तेही तिचं ठरून गेलं होतं.

त्या दिवशी तुमच्या शेजारी तुमचे ते सिंधी मित्र बसले होते. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून कापडाचं गाठोडं खांद्यावर घेऊन ते कारखान्याच्या गेटवर यायचे. त्यांच्याशी तुमचं चहापासून सुरू झालं आणि घरोबा झाला. स्टेजचा पडदा त्यांनीच आणून दिला होता, म्हणून तुम्ही त्यांना मानाने जवळ बसवलंत. मी तुमच्या पायाशी सतरंजीवर. त्यांनी कधीतरी तुम्हाला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली होती. कॅम्पातल्या बराकी सगळ्या एकसारख्या, लष्कराने बांधलेल्या. म्हातारी नवीनच आलेली, बाहेर गेली आणि परत येताना भलत्याच बराकीत शिरली. तिथल्या खाटेवर बसून तिथल्याच लोकांना ओरडायला लागली, माझी भांडी कुठे हलवलीत म्हणून. संध्याकाळपर्यंत उठेना. तुम्हाला ती गोष्ट इतकी आवडली की तुम्ही ती कॅन्टीनमध्ये सांगितलीत. प्रेमानेच सांगितलीत, ते मला माहीत आहे. पण ऐकायला साहेबही होते ना!

पडदा वर गेला आणि सलवार घातलेला, डोक्याला पांढरा कापूस चिकटवलेला एक कारकून कमरेत वाकून आला. दारोदार जाऊन विचारायला लागला, "ये मेरा घर है क्या?" तिसऱ्या दाराशी तो आपटला. सगळा मांडव तुमच्याकडे बघतोय, आता खांदे हलणार. तेवढ्यात तुमच्या मित्राने मान वळवून एकदाच तुमच्याकडे पाहिलं. आणि मग काय, तेच हसले की! सगळ्यांच्या आधी, जोरात, टाळ्या वाजवत. "वाह साईं, वाह!" मांडव फुटला. खाली बसून मी वर बघतेय, तर तुमचे दोन्ही हात मांडीवर आणि चेहरा कोरा. शेवटपर्यंत तसाच. साहेब विंगेतून बघत होते, आणि लोक हसताहेत याचं त्यांना काही नव्हतं, ते तुमच्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, एकदा हसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"हसू आलंच नाही गं."

"नाही आलं तर आणायचं! साहेबापुढे लोक काय काय करतात. तुम्हाला नुसतं हसायचं होतं."

तुम्ही जेवायला बसलात, एवढंच. क्वार्टर दुसऱ्याला मिळाला. आई उतारावरून पाणी वाहतच राहिली. पुढे पुढे तर पाणी कोणी उपसू नये म्हणून तिने पिंपाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ती कमर एका बाजूला कलली ती कललीच, मरेपर्यंत. मी आईच्या बाजूची, हे स्पष्ट सांगते. तुम्हाला वाईट वाटलं होतं तर दुसऱ्या दिवशी कॅम्पात जाऊन त्या माणसाचे हात धरायचे. तिथे तुम्ही गेलातही, आई सांगायची. मग त्या मांडवात तोंड वाकडं करून बसायची काय गरज होती? तुमच्या एका न हसण्याचं पाणी आईने वीस वर्षं वाहिलं. आहे काही उत्तर?

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमची पणती, माझी नात, विनोद करते. म्हणजे तेच तिचं काम आहे. एकटीच माइक धरून तासभर उभी राहते, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधूनच एखादी शिवी. त्याला स्पेशल म्हणतात. त्यात स्पेशल काय ते मला विचारू नका, पण पोरगी हुशार आहे, काही ठिकाणी मलाही फस्सकन हसू आलं. परवा तिचं शूटिंग होतं. तिच्यासाठी फार मोठी गोष्ट, पहिल्यांदाच कुणीतरी तिला अख्खा तास दिला होता. मला पहिल्या रांगेत बसवलं. आणि अर्ध्या तासाने ती म्हणाली, "माझी पणजी पाण्याला कुलूप लावायची!" मग किल्ली कमरेला खोचून, न दिसणारा हंडा घेऊन, एका बाजूला कलून ती स्टेजभर चालली. हुबेहूब. जेवायच्या टेबलावर मीच तर तिला चालून दाखवलं होतं, हसत हसत.

कॅमेरा माझ्याकडे वळला. पोरगी स्टेजवरून बघतेय, सगळे बघताहेत. अण्णा, मी हसले. सगळ्यांच्या आधी, जोरात. टाळ्यासुद्धा वाजवल्या. नंतर तिने मला मिठी मारली, "आजी, तू शो उचललास!" म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही, असणार तरी कसा.

हे पत्र कुठे टाकणार, माझ्याजवळच राहील. आईच्या कमरेचा हिशेब मी तुम्हाला माफ केलेला नाही, करणारही नाही. पण एक सांगते. परवा त्या शूटिंगला हसता हसता मी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मुलगा हसत होता, सून डोळे पुसत हसत होती, मागचं अख्खं सभागृह हसत होतं. हसत नाही असं कुणी शेजारी आहे का, ते मी शोधत होते.